स्टोरेजचं ट्रॅफिक ड्रॉप होऊ नये म्हणून स्विचच्या पोर्टवर नुसतं फ्लो कंट्रोल ऑन केलं तर भागेल का?

नाही, त्याच पोर्टवरून इतर ट्रॅफिकही जात असेल तर पीएफसी लावा, म्हणजे प्रायॉरिटीनुसार चालणारं फ्लो कंट्रोल. साध्या फ्लो कंट्रोलची (८०२.३एक्स) पॉज फ्रेम, म्हणजे 'जरा थांब' असा निरोप, गेली की समोरचा सगळंच थांबवतो, स्टोरेजच्या पायी व्हॉइस कॉलसुद्धा. पीएफसीत (८०२.१क्यूबीबी) आठही प्रायॉरिटी, म्हणजे ट्रॅफिकचे वर्ग, वेगवेगळ्या थांबवता येतात. त्यातली स्टोरेजची एकच लॉसलेस (पॅकेट न पाडणारी) ठेवा, बहुतेक जण ३ घेतात, आणि सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर तीच ठेवा. मधल्या एका लिंकवर राहून गेलं तर पॅकेट तिथे पडणारच.

खरी चूक होते ती हेडरूम बफरमध्ये. पॉज पाठवला तरी तो समोर पोहोचून अंमलात येईपर्यंत केबलमध्ये असलेला डेटा येतच राहतो, तो मावेल एवढी जागा राखावी लागते. केबल जितकी लांब आणि लिंक जितकी वेगवान, तितकी हेडरूम जास्त. पोर्टचे काउंटर बघा: त्या प्रायॉरिटीचे पॉज वाढतायत आणि ड्रॉपही वाढतायत, तर आधी हेडरूमच तपासा.

एक मात्र आहे, पीएफसी गर्दी कमी करत नाही, ती मागे ढकलतं. एखादा मंद सर्व्हर सतत पॉज पाठवत राहिला तर कोंडी स्विचमागून स्विच पसरते. म्हणून रोसीसारख्या (RoCE, इथरनेटवरून एका मशीनच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेणाऱ्या) ट्रॅफिकला सोबत ईसीएन लावा, म्हणजे गर्दी होतेय अशी खूण पॅकेटवर करून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावणारी सोय, आणि स्विचमध्ये पीएफसी वॉचडॉग (सतत पॉजमुळे अडकलेली रांग ओळखून मोकळी करणारी सोय) असेल तर तोही चालू करा.