राणी मारली तर अंगणातल्या मोठ्या काळ्या मुंग्या जातील का?

नाही जाणार, कारण या मुंग्यांना राणीच नसते.

तुम्ही लिहिलंय की अंगणाच्या कडेला मातीत बीळ आहे, तोंडाशी मातीचा उंचवटा आहे, त्यावर पिसं नि काड्या आणून ठेवलेल्या असतात आणि मोठ्या काळ्या मुंग्या एकेकट्या हिंडतात. शेवटी विचारलंय, 'हे मुंगळेच ना?' मुंगळे नाहीत हे. डायकॅमा नावाच्या वेगळ्याच मुंग्या आहेत. पिसं म्हटल्यावर मला दुसरं काही वाटलंच नाही. या दोन मुंग्यांवरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये मुंगी ठेवली होती. ओळखा, वर्गीकरण लिहा, कारणं द्या. विभागातल्या बाटलीवर कित्येक वर्षांची चिठ्ठी होती: कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. म्हणजे आपला नेहमीचा मुंगळा. समोरच्या काचेच्या बशीत (वॉच ग्लासमध्ये) मात्र डायकॅमा होती. मी तेच लिहिलं, उपकुळ पोनेरिनी लिहिलं आणि कारणंही दिली. अंगभर बारीक समांतर रेघा, बोटाच्या ठशासारख्या. कमरेवरच्या गाठीला वरच्या बाजूला दोन काटे. मागे नांगी. मुंगळ्याला यातलं काहीच नसतं. त्याचं उपकुळ फॉर्मिसिनी, त्याला नांगी नाही, तो चावतो आणि फॉर्मिक ॲसिड सोडतो. दोन्ही काळ्या आणि मोठ्या आहेत, साम्य तिथेच संपतं. डायकॅमा ही प्रजाती (जीनस) मायर या कीटकतज्ज्ञाने 1862 मध्ये वेगळी काढली, म्हणजे यात नवीन असं काहीच नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चिठ्ठी बघितली आणि उत्तरावर काट मारली. मी म्हटलं, सर, एकदा मायक्रोस्कोपखाली गाठ बघा. मायक्रोस्कोप शेजारच्याच टेबलावर होता. ते उठले नाहीत. मग व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यांनी मुद्दाम तोच विषय काढला. 'बरं, तुमच्या या मुंगीत जाती किती, म्हणजे राणी, नर, कामकरी यांतलं काय काय?' मी सांगितलं, नर आणि कामकरी, राणी नाही. 'राणीशिवाय वसाहत? मग अंडी कोण घालतं?' प्रश्न चांगला होता, पण त्यांना उत्तर नको होतं. 'हे कुठल्या पुस्तकात आहे?' म्हणत माझं बोलणं अर्ध्यावर तोडून त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला. गुण गेले त्याचं फार वाटलं नाही. आमच्याच विभागातले सर शेजारी बसून गप्प राहिले, ते मला आजही बोचतं. त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा अर्धं राहिलेलं उत्तर आता पूर्ण करते.

डायकॅमाची प्रत्येक मादी कोशातून बाहेर येते तेव्हा तिच्या छातीवर, पंख असायच्या जागी, दोन बारीक कळ्यांसारखे अवयव असतात. त्यांना जेमा म्हणतात. वसाहतीत एकच मादी नराशी मीलन झालेली असते आणि तीच अंडी घालते. दिसायला ती इतरांसारखीच कामकरी असते. अशा मीलन झालेल्या कामकरी मादीला गॅमरगेट म्हणतात. नवी मुंगी बाहेर आली की तिच्या जेमा कुरतडून टाकल्या जातात. जेमा गेलेली मुंगी जन्मभर मीलन करत नाही, तिचं वागणंच बदलतं. गॅमरगेट मेली की पुढे जन्मणाऱ्या एखादीच्या जेमा शाबूत राहतात. मग ती इतरांच्या तोडते, बिळाबाहेर येऊन दुसऱ्या वसाहतीतल्या नराशी मीलन करते आणि जागा घेते. म्हणून 'राणी मारून' तुमच्या हाती काही लागणार नाही. शंभरेक सारख्या दिसणाऱ्या मुंग्यांत ती तुम्हाला सापडणारही नाही.

व्हीलर आणि चॅपमन या संशोधकांनी फिलिपाइन्समधल्या डायकॅमाच्या मीलनावर 1922 मध्येच लिहिलं होतं. जेमा तोडण्याचा प्रकार 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डायकॅमात पीटर्स आणि हिगाशी यांनी दाखवला. माझी परीक्षा त्यानंतरची. 'हे कुठल्या पुस्तकात आहे' असं विचारून विद्यार्थ्याला गप्प करणाऱ्याने आधी स्वतः ग्रंथालयाची पायरी चढावी.

पिसांचं कारणही ऐका, कारण ती झाडून टाकावीत का असंही तुम्ही विचारलंय. टाकू नका. मॉफेट या संशोधकाने 1985 मध्ये भारतातल्याच डायकॅमावर लिहिलंय: कोरड्या दिवसांत पहाटे पिसांवर दव साचतं आणि मुंग्या ते थेंब पितात. आमच्या शेताच्या बांधावर कोंबडीची पिसं खोचलेली अशी बिळं मी लहानपणापासून बघत आलेय. हिवाळ्यात उजाडायच्या आत टॉर्च घेऊन जा, पिसांवरचे थेंब तुम्हालाही दिसतील.

आता घालवायच्या कशा? माझं स्पष्ट मत आहे की घालवूच नयेत. त्या स्वयंपाकघरात रांग लावत नाहीत. एकेकटीने किडे पकडतात, त्यात वाळवीही आली. बीळ अगदीच पायवाटेवर असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. बिळात पाणी शिरलं की त्या स्वतःच बिऱ्हाड हलवतात. वास सोडून रांग करत नाहीत. वाट माहीत असलेली पुढे चालते, दुसरी मिशांनी तिला स्पर्श करत मागून जाते, आणि अशा जोडी-जोडीने अख्खी वसाहत नव्या जागी पोचते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत डायकॅमा इंडिकम या आपल्याकडच्या डायकॅमाच्या या स्थलांतरावर बरंच काम झालंय. पाणी ओतून हे मुद्दाम करू नका, अंडी-अळ्या मरतात.

तीन गोष्टी राहिल्या. राणी नाही हे डायकॅमापुरतं आणि तिच्या काही नातेवाइकांपुरतं खरं आहे, खऱ्या मुंगळ्यांना राणी असते. आणि निलगिरीतल्या डायकॅमात जेमा तोडत नाहीत, तिथे एकीचं वर्चस्व दांडगाईने टिकतं. शिवाय नांगी खरंच झोंबते. घरात कुणाला गांधीलमाशीच्या डंखाने सूज किंवा धाप लागत असेल तर लहान मुलांना बिळाजवळ खेळू देऊ नका, आणि डंख झालाच तर डॉक्टरकडे न्या.

फोटो टाकणार असाल तर वरून काढू नका. आडव्या बाजूने, कमरेची गाठ दिसेल असा काढा. दोन काटे दिसले की मला विचारायचीही गरज नाही, आणि तुमच्या कॉलेजातल्या बाटलीवर दुसरं काही लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी बदलायला लावा.