खाओ याईला जाताय? बॅग राहू द्या, आधी पाय बघा

ऑगस्टमध्ये बँकॉकला जाताय, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेली आई, एक दिवस गाईडबरोबर खाओ याई या राष्ट्रीय उद्यानाचं जंगल करायचंय, तर काय काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नोकरीनिमित्त बँकॉकला असताना मी तीनदा गेलोय, त्यातलं दोनदा भर पावसात. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट घेण्याची नाही, राहण्याची. बँकॉकहून एका दिवसात जाऊन येऊ नका. पायथ्याचं गाव पाक चोंग, मिनीव्हॅनने तीनेक तास. पहाटे निघालात तरी जंगलात शिरेपर्यंत दहा वाजतात. गिबन, म्हणजे बिनशेपटीची लांब हातांची वानरं, ओरडतात सकाळी. ती हाक एकदा ऐकली की कळतं आपण काय घालवलं असतं. आदल्या दुपारी पाक चोंगला पोचा, रात्री तिथेच राहा. सकाळी आठच्या सुमारास गाईड तुम्हाला सोंगथेवमधून नेतो, म्हणजे आपल्या वडापसारखी, मागे दोन बाकं टाकलेली गाडी.

आता जळवा. ऑगस्टमध्ये त्या असतातच, टाळता येत नाहीत. गाईड गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी जळूमोजे देतात, ते साध्या मोज्यांवर आणि पँटच्या पायांवरून चढवायचे. बुकिंग करतानाच विचारा की ते देणार का आणि मुलाच्या मापाचे आहेत का. माझ्या पहिल्या खेपेला टूरवाल्याकडे एक जोड कमी पडला आणि तो नेमका माझा. वर मी जीन्स घालून गेलो होतो. पावसाने ती इतकी जड झाली की जळवांपेक्षा तिचाच राग आला. पातळ, लवकर वाळणारी, फिक्या रंगाची पँट घ्या. फिक्या कापडावर जळू लगेच दिसते.

चिकटलीच तर मीठ, तंबाखू, पेटती काडी यातलं काही नको. नख सपाट धरून कातडीलगत सरकवायचं, ती सुटते. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून नंतर बराच वेळ वाहत राहतं. दिसायला भयंकर, प्रकरण किरकोळ. धुवायचं आणि दाबून धरायचं. मात्र आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. खरी काळजी डासांची. डेंगीचे डास दिवसा चावतात, तेव्हा डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावाच, आणि परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना थायलंडचं नाव सांगा.

बूट नवेकोरे नकोत. पंधरा दिवस वापरलेले, खाचदार तळाचे हवेत. लाल माती ओली झाली की शेवाळलेल्या अंगणासारखी होते.

आईंबद्दल स्पष्ट सांगतो. दोन-तीन तासांची जंगलवाट त्यांच्यासाठी नाही, आणि हेव नारोक धबधब्याच्या पायऱ्याही नाहीत. तो धबधबा तीन टप्प्यांत मिळून साधारण दीडशे मीटर कोसळतो, पण त्याच्यापर्यंतचा शेवटचा जिना अंगावर येणारा आहे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अकरा हत्ती पडून मेले. पावसाळ्यात पाणी किती जोरात असतं ते यावरून समजा. हेव सुवत हा दुसरा धबधबा त्यांना जमेल, तो वाहनतळाजवळच्या कठड्यावरूनही छान दिसतो. माहिती केंद्रामागे झुलत्या पुलाजवळ लहानसा धबधबा आहे, तिथेही त्या निवांत बसू शकतील. वाटेवर जाणारे आणि न जाणारे असे दोन गट कसे सांभाळणार, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या. "बघू तिथे गेल्यावर" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'नॉनव्हेज नको' म्हणून भागत नाही, कारण माशाचा रस, 'नाम प्ला', सगळ्यात पडतो. 'जे' हा थाई शब्द वापरा, त्यात मासेही नाहीत आणि अंडीही. तरी थेपले बरोबर ठेवा, पण बंद डब्यात. रस्त्यावर बसलेली माकडं पिशवी ओळखतात. कचरा मात्र परत आणा. २०२०मध्ये तंबूजवळ कचरा टाकून गेलेल्यांना उद्यानाने तोच कचरा खोक्यात भरून पोस्टाने घरी पाठवला होता!

बाकी दीड लिटर पाणी, अंगावरचा रेनकोट (छत्री वेलींत अडकते), फोनला प्लास्टिकची पिशवी आणि कोरडे कपडे गाडीत. परदेशी लोकांचं प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरलंय का, तेही विचारून घ्या.

हत्ती दिसेल का? सांगता येत नाही. उद्यान २,१६८ चौरस किलोमीटर आहे आणि हत्तीला तुमचं वेळापत्रक माहीत नसतं. संध्याकाळी रस्त्यावर भेटला तर गाडीतच थांबा, फ्लॅश नको, मुलाला ओरडू देऊ नका. महाधनेश, म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश पक्षी, दिसण्याची शक्यता जास्त. आधी पंखांचा भाता चालल्यासारखा आवाज येतो, मग वर बघायचं.

आणि आदल्या संध्याकाळी पाक चोंगला मोकळे असाल तर उद्यानाबाहेरच्या गुहेतून निघणारी लाखो वटवाघळं बघून घ्या. आकाशात धुराची लांब दोरी सुटल्यासारखी दिसतात आणि ससाणे मधूनच झडप घालतात. त्यांच्या खाली उभे राहणार असाल तर टोपी घाला आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा.