सर्व्हरमधील सदोष मेमरी मॉड्यूल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संगणक विभागाचे काम मी पाहतो. आमच्या रॅकमधील दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकी ३२ जीबीची आठ डीडीआर४ प्रकारची मेमरी मॉड्यूल आहेत. महिन्यापूर्वी सर्व्हरचा पिवळा दिवा लागला आणि 'ए३' या स्लॉटमध्ये मेमरीच्या चुका दुरुस्त होत असल्याच्या नोंदी लॉगमध्ये येऊ लागल्या. पुरवठादाराने ते मॉड्यूल काढून नवीन बसवले, परंतु दोनच दिवसांत त्याच स्लॉटच्या नावाने पुन्हा नोंदी सुरू झाल्या. काम मात्र एकदाही बंद पडलेले नाही. नवे मॉड्यूलही खराब निघाले असे समजून आणखी एक मागवावे का?

उत्तर : अद्याप मागवू नये. लॉगमध्ये स्लॉटचे नाव येते, याचा अर्थ त्या वाटेने येणाऱ्या माहितीत चूक सापडली एवढाच असतो. चूक मॉड्यूलमध्ये आहे, स्लॉटमध्ये आहे की प्रोसेसरमध्ये, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. मेमरीचे नियंत्रण करणारा भाग आजच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे तो भाग, प्रोसेसरच्या सॉकेटमधील पिना, मदरबोर्डवरील स्लॉट आणि शेवटी मॉड्यूल, या साखळीतील कोणतीही कडी कच्ची असली तरी लॉगमध्ये 'ए३' हेच नाव उमटते. आपल्या पुरवठादाराने दोष नेमका कोठे आहे हे न तपासता थेट मॉड्यूल बदलले, म्हणून आपला एक महिना गेला.

काम बंद पडले नाही याचे श्रेय ईसीसी या, मेमरीतील चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या व्यवस्थेला आहे. सर्व्हरच्या डीडीआर४ मॉड्यूलमध्ये माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांबरोबर (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) पडताळणीचे ८ बिट साठवले जातात. बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. तिच्या मूळ रूपात एक बिट उलटला तर तो ओळखून जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन बिट उलटले तर चूक ओळखता येते, पण दुरुस्त करता येत नाही, आणि अशा वेळी चुकीची माहिती पुढे जाऊ देण्यापेक्षा यंत्रणा सहसा थांबते. पतसंस्थेत याचे मोल मोठे आहे. पूर्णांकात साठवलेल्या ५,००० रुपयांच्या शिलकेतील एकच विशिष्ट बिट उलटला तर ती ३७,७६८ दिसू शकते. आपल्याकडे सध्या जे घडते आहे ती या संरक्षणाची पहिली पायरी आहे. ती रोज वापरली जात असताना निर्धास्त राहणे योग्य नाही, परंतु घाईने हात घालण्याचीही गरज नाही.

आता करावयाची तपासणी सोपी आहे. दिवसअखेरीचे काम संपल्यावर, बॅकअप घेऊन आणि तो उघडतो याची खात्री करून, सर्व्हर बंद करावा आणि 'ए३' मधील मॉड्यूल दुसऱ्या प्रोसेसरच्या 'बी३' मधील मॉड्यूलशी अदलाबदल करावे. तत्पूर्वी दोन्हींचे अनुक्रमांक लिहून ठेवावेत आणि जुना लॉग जतन करून मग रिकामा करावा, म्हणजे पुढे येणारी प्रत्येक नोंद नवीच असेल. यानंतर नोंदी 'बी३' च्या नावाने येऊ लागल्या तर दोष मॉड्यूलबरोबर फिरला, म्हणजे नवे मॉड्यूलही खराब आहे. नोंदी 'ए३' वरच राहिल्या तर मॉड्यूल निर्दोष असून दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरचा आहे. अशा वेळी अलीकडे कोणी प्रोसेसर किंवा त्यावरील उष्णताशोषक काढला होता का, हे आठवून पाहावे, कारण सॉकेटमधील एखादी वाकलेली पिन किंवा तिच्यावर पडलेला, प्रोसेसर आणि उष्णताशोषक यांच्यामध्ये लावायच्या लेपाचा कण नेमका असाच त्रास देतो. दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल करून पाहणे ही पुढची पायरी आहे, पण ते काम हमीच्या अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

अदलाबदल करताना काही गोष्टी कसोशीने पाळाव्यात. सर्व्हरला बहुधा दोन वीजपुरवठे असतात. एकच केबल काढून बोर्ड निर्जीव होत नाही, म्हणून दोन्ही काढाव्यात आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे. रॅकमधून एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा, नाहीतर रॅक पुढे कलंडण्याचा धोका असतो. अंगावरील स्थिर विजेचा झटका माणसाला साधारण ३,००० व्होल्टनंतर जाणवतो, तर चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला खराब होऊ शकते, त्यामुळे 'मला तर काही जाणवले नाही' हा पुरावा होत नाही. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधून तो चेसिसच्या उघड्या धातूला जोडावा. हवेला दिशा देणारे प्लास्टिकचे आवरण काढून, मॉड्यूल गार होऊ देऊन, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलाव्यात आणि मॉड्यूल कडांना धरूनच उचलावे. बसवताना खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. दोन्ही खिट्ट्या आपोआप सरळ उभ्या राहिल्या तरच मॉड्यूल पूर्ण बसले असे समजावे.

येथे एका सवयीविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास रूढ आहे. त्या संपर्कांवरील सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. घासण्याने तो झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये राहतात. पावसाळ्याच्या दमट हवेत संपर्क मळले असतील, तर तंतू न सुटणाऱ्या कापडाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते हलक्या हाताने पुसावेत. नुसते काढून नीट बसवल्यानेही पुष्कळदा दोष जातो.

आवरण पुन्हा बसवायला विसरू नये, कारण त्याशिवाय हवा मॉड्यूलांवरून नीट जात नाही. पहिल्यांदा सुरू होताना सर्व्हर मेमरीची जुळणी नव्याने करू शकतो आणि पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी घाबरून वीज बंद करू नये. सुरू झाल्यावर एकूण २५६ जीबी दिसतात का, हे पाहावे. बायोस (सर्व्हर सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे का, हेही तपासावे. डीडीआर४ चिपमध्ये सदोष ओळीच्या जागी राखीव ओळ जोडण्याची सोय असते आणि अनेक सर्व्हर ही दुरुस्ती पुन्हा सुरू होताना स्वतःच करतात.

प्रश्न : नाशिकमधील आमच्या कारखान्यात सर्व्हरसाठी त्याच क्षमतेचे स्वस्त मॉड्यूल स्थानिक बाजारातून घेतले, पण सर्व्हर सुरूच होत नाही. मॉड्यूल स्लॉटमध्ये बसते तर व्यवस्थित.

उत्तर : डीडीआर४ मध्ये मॉड्यूल बसणे आणि चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेस्कटॉपसाठीचे यूडीआयएमएम आणि सर्व्हरसाठीचे आरडीआयएमएम यांची खाच एकाच जागी असते, पण ते एकाच यंत्रात एकत्र चालत नाहीत. आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम (सर्व्हरच्याच मॉड्यूलचा आणखी एक प्रकार) यांचेही मिश्रण चालत नाही. जुन्या मॉड्यूलच्या लेबलवरील प्रकार, '२आरएक्स४' सारखी रचना (म्हणजे मॉड्यूलवरील चिपांची मांडणी) आणि वेग हे तिन्ही पाहून तसेच मॉड्यूल घ्यावे. वेग कमी असेल तर सर्व मॉड्यूल त्या कमी वेगाने चालतील, एवढाच तोटा होईल, पण प्रकार चुकला तर आपल्याला आला तोच अनुभव येतो.

प्रश्न : वर्षातून एखादीच दुरुस्त झालेली चूक लॉगमध्ये दिसली तर मॉड्यूल बदलावे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लगेच बदलू नये. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळेही एखादा बिट उलटतो आणि त्यात मॉड्यूलचा दोष नसतो. मात्र गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात दरवर्षी सुमारे ८ टक्के मॉड्यूलांत चुका आढळल्या, आणि ज्या मॉड्यूलमध्ये एकदा चूक झाली त्यात ती पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त असल्याचेही दिसले. म्हणून तारीख, स्लॉट आणि अनुक्रमांक वहीत नोंदवावेत. त्याच मॉड्यूलमध्ये काही आठवड्यांत पुन्हा चूक दिसली, तर बदलीचे मॉड्यूल मागवून ठेवावे आणि सर्व्हर बंद करण्याची वेळ आपल्या सोयीने ठरवावी.