चार बाजूंवरून गुंठे निघत नाहीत: तुकड्याचं क्षेत्र, कुंपण आणि गोल विहीर

प्रश्न थोडक्यात असा: चौकोनी तुकड्याच्या बाजू १३२, ९९, ११० आणि ९० फूट. कुणीतरी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून १०.५ गुंठे सांगितले. एक कर्ण टेपने १६५ फूट भरला, पण त्याचं करायचं काय ते कळत नाही. विहिरीच्या कठड्याला बाहेरून टेप फिरवला तर ८४ फूट आणि भिंतीची जाडी दीड फूट. हवंय काय, तर गुंठे, काटेरी तारेचा हिशोब आणि विहिरीतलं पाणी.

आधी गुंठे. सरासरीचा हिशोब असा झाला: (१३२ + ११०) ÷ २ = १२१, (९९ + ९०) ÷ २ = ९४.५, गुणाकार ११,४३४.५ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणून बरोब्बर १०.५ गुंठे. आकडा इतका गुळगुळीत आला की पटतोच. पण ही रीत फक्त चारही कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील तरच खरी. बाकी कुठल्याही चौकोनाला ती नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्याला ती का आवडते ते वेगळं सांगायला नको.

मूळ अडचण अशी की चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही. चार काठ्या टोकांना खिळ्यांनी जोडा आणि दाबा, परिमिती तीच राहते पण आतली जागा कमी-जास्त होते. तुमच्याच चार बाजू घेऊन नुसता कर्ण बदलून पाहा:

कर्ण १५० फूट असता तर १०.४२ गुंठे
कर्ण १६५ फूट (तुमचा) तर १०.२५ गुंठे
कर्ण १८० फूट असता तर ९.४६ गुंठे

म्हणजे बांध तेवढेच, तार तेवढीच, पण जवळजवळ एक गुंठा इकडचा तिकडे. लीलावती या गणिताच्या ग्रंथात (इ.स. ११५०) भास्कराचार्यांनी कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला चक्क पिशाच्च म्हटलंय, आणि उत्तर देणारा त्याच्याहून पुढचा. तुम्ही कर्ण मोजलात, तेव्हा तुम्ही सुटलात. सरासरीवाले मात्र अडकले.

आता कर्णाचं काम. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणा. अब १३२, बक ९९, कड ११०, डअ ९०, आणि कर्ण अक १६५. तुकड्याचे दोन त्रिकोण झाले.

त्रिकोण अबक: ९९, १३२, १६५. हे ३, ४, ५ च्या ३३ पट आहेत, म्हणजे ब हा कोपरा बरोबर काटकोनात आहे. क्षेत्रफळ १३२ × ९९ ÷ २ = ६५३४ चौरस फूट, पुरे ६ गुंठे.

त्रिकोण अकड: ११०, ९०, १६५. इथे काटकोन नाही, म्हणून अर्धपरिमितीची रीत. तिन्ही बाजूंची बेरीज ३६५, निम्मी १८२.५. त्यातून एकेक बाजू वजा करा: ७२.५, ९२.५, १७.५. आता १८२.५ × ७२.५ × ९२.५ × १७.५ चं वर्गमूळ. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर येतं ४६२८ चौरस फूट.

एकूण ११,१६२ चौरस फूट, म्हणजे १०.२५ गुंठे. सरासरीने पाव गुंठा, २७२ चौरस फूट, हवेतून काढला होता.

सातबाऱ्याशी ताडून बघताना एक गोम आहे. तिथे हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ११,१६२ चौरस फूट म्हणजे १०३७ चौरस मीटर, ते ०.१०.३७ असं दिसेल. आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चा. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. छोट्या तुकड्याला चालून जातं, एकराच्या व्यवहाराला चालत नाही. आणि चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणायचं. ३.२८१ हा लांबीचा गुणक आहे, तो एकदाच लावला की उत्तराचा तिसरा हिस्साही उरत नाही.

दुसरी हमखास चूक इंचांची. १२ फूट ६ इंच कॅल्क्युलेटरवर १२.६ नाही, १२.५. तीन इंच म्हणजे .२५, नऊ इंच म्हणजे .७५.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीला टेकवून धरू नका. क्षेत्रासाठी आडवं, पाणसळीतलं अंतर लागतं. टेप आडवा ताणा, ओळंबा सोडा, टप्प्याटप्प्याने उतरा. पाच फुटाला एक फूट उतार असला तर टेकवून घेतलेलं माप दोन टक्क्यांनी जास्त भरतं. तारेला मात्र उतारावरचंच माप हवं, कारण तार उतारावरूनच जाते. एकाच बाजूची दोन मापं होतात, दोन्ही वहीत वेगळी लिहा.

एखादी बाजू ओढ्याच्या कडेने वाकडी असेल तर दोन टोकांमध्ये दोरी ताणा, दर १० फुटांवर दोरीपासून कडेपर्यंत काटकोनात अंतर घ्या. टोकांना शून्य आणि मधे ४, ६, ५ फूट आलं तर बेरीज १५, गुणिले १०, म्हणजे १५० चौरस फूट. कड बाहेर फुगली असेल तर मिळवा, आत आली असेल तर वजा करा.

कुंपण सोपं आहे. परिमिती ४३१ फूट. दहा फुटांवर खांब म्हणून ४३ धरू नका. प्रत्येक बाजू वेगळी भागा आणि वरच्या पूर्णांकाला न्या: १४, १०, ११, ९, एकूण ४४ गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा. बंदिस्त कुंपणात जितके गाळे तितकेच खांब. कोपऱ्यांच्या आणि फाटकाच्या खांबांचे तिरके टेके वेगळे धरा. फाटक १० फुटांचं धरलं तर तार ४२१ फूट, चार ओळी म्हणजे १६८४ फूट, ५१३ मीटर. पीळ आणि गुंडाळीसाठी पाच टक्के वाढवून ५४० मीटर. काटेरी तार किलोवर मिळते, तेव्हा त्या गेजची (जाडीची) तार किलोला किती मीटर भरते ते दुकानदाराला विचारूनच वजन सांगा.

आता विहीर. वर्तुळाचं सुख असं की एकाच मापात सगळं येतं, पण ते माप कुठून घेतलं हे पाहावं लागतं. तुमचे ८४ फूट कठड्याच्या बाहेरून आहेत, पाणी आत आहे.

बाहेरचा व्यास ८४ ÷ ३.१४१६ = २६.७४ फूट. दोन्हीकडची जाडी मिळून ३ फूट वजा, आतला व्यास २३.७४. इथे एकदाच दीड फूट वजा करणारे पुष्कळ. आतलं क्षेत्रफळ = व्यास × व्यास × ०.७८५४ (३.१४१६ चा चौथा भाग) = ४४२.६ चौरस फूट. बाहेरचा परीघ तसाच धरला असता तर ५६१.५ आलं असतं, म्हणजे २७ टक्के जास्त. त्रिज्येच्या सूत्रात चुकून व्यास घातला तर चौपट.

याच प्रश्नाला एकांनी घेराचा चौथा भाग २१, आणि २१ × २१ = ४४१ असं उत्तर दिलंय. आकडा जवळजवळ बरोबर आहे, रीत साफ चूक. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग हा लाकडाच्या वखारीतला हिशोब, तो गोलाचं खरं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी कमी दाखवतो. इथे भिंतीच्या जाडीने क्षेत्र तेवढंच कमी झालं म्हणून दोन चुका एकमेकींत जिरल्या. शेजारच्या विहिरीला हीच रीत लावाल तर फसाल.

२२/७ की ३.१४ यावर वाद नको. पहिला ०.०४ टक्के जास्त, दुसरा ०.०५ टक्के कमी. आतल्या व्यासात एक इंच चुकलात तर क्षेत्रफळ ०.७ टक्के चुकतं. भास्कराचार्यांनीही ३९२७/१२५० सूक्ष्म आणि २२/७ व्यवहाराला योग्य असंच सांगितलंय. टेप भिंतीला सगळीकडे चिकटलेला आणि एका पातळीत आहे ना, याकडे लक्ष द्या. विहीर थोडी लांबट असेल तर घेरावरून क्षेत्रफळ जास्तच येतं. मग आतून एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्या, त्यांचा गुणाकार करून ०.७८५४ ने गुणा.

पाणी: एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणून ४४२.६ × २८.३२ म्हणजे एक फूट खोलीला सुमारे १२,५०० लिटर. वीस फूट पाणी असेल तर अडीच लाख. पण बांधकामाखाली खडकात विहीर बहुधा अरुंद होत जाते, म्हणून व्यास पाण्याच्या पातळीला जमेल तसा तपासा. पंप लावून तासात पातळी दोन फूट उतरली तर २५,००० लिटर साठ्यातून गेले. पंपाने उपसलेलं पाणी त्याहून जास्त असणार, कारण झरे तेवढ्या वेळात आत पाणी टाकतच असतात.

हे सगळं घरगुती अंदाजासाठी. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागेल, तिथे टेप चालत नाही. पण त्याआधी एक काम करा: दुसरा कर्ण ब-ड मोजा. तुमची पाचही मापं बरोबर असतील तर तो १३९ फूट १० इंचांच्या आसपास भरेल. फूट-दोन फुटांचा फरक आला तर एखादी बाजू पुन्हा मोजावी लागेल. माझा पहिला संशय बांधाच्या झुडपांतून गेलेल्या बाजूवर.