इथे नको, मग कुठे?

नवी घरं कुठे बांधावीत यावर या वेळी पत्रांचा ढीग आला आहे. त्यातली अर्ध्याहून अधिक ‘आमच्या शेजारी नको’ या सुरातली. नगररचनेच्या कचेरीत नकाशे पसरण्यात आणि हरकती वाचण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या वसाहतीला लागून मोकळी जागा आहे. तिथे सात मजली इमारत येणार अशी नोटीस लागली. आम्ही दीडशे सह्यांचा अर्ज दिला. माझा भाचा मात्र म्हणतो, “मावशी, तुम्हाला घर मिळालं, आता मागच्यांसाठी दार लावून घेताय.” ताई, खरंच आम्ही स्वार्थी आहोत का?

उत्तर : भाचा फटकळ दिसतो, पण त्याचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. चूक तुमचीही नाही. खिडकीतला उजेड जाणार, वर्ष-दोन वर्षं धूळ आणि खडखडाट सोसावा लागणार, तर माणूस गप्प कसा बसेल? हरकती मागवतात त्या त्यासाठीच.

माझी तक्रार आहे ती अर्जाबद्दल. त्याची प्रत जोडलीत ते बरं केलंत. सव्वा पानात ‘परिसराचं स्वरूप बिघडेल’ हे तीनदा आलं आहे आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, हे एकदाही नाही. ‘परिसराचं स्वरूप’ ही फार जुनी ढाल आहे. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाचा खटला चालला. गावाने जमिनीचे विभाग पाडून कुठे काय बांधायचं ते ठरवून दिलं होतं आणि त्यामुळे आपल्या जागेचं मोल घटलं, अशी एका जमीनमालक कंपनीची फिर्याद होती. न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला आणि ही पद्धत अमेरिकाभर पक्की झाली. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलंड यांनी भाडेकरूंच्या इमारतींना चक्क बांडगूळ म्हटलं आहे. बंगल्यांच्या वस्तीतल्या मोकळ्या हवेवर आणि शोभेवर त्या पोसल्या जातात, असा त्याचा आशय. याला शंभर वर्षं होत आली. आज इमारतीत राहणारी माणसंही शेजारच्या इमारतीबद्दल तेच लिहितात, ही त्यातली गंमत.

मग अर्जात काय लिहायचं? नोटिशीत जागेचा क्रमांक असतो. तो घेऊन जा आणि त्या भागाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा मागा. इमारतीचं रंगीत चित्र दाखवतील, ते बाजूला ठेवा. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात. त्या ओळीने एकाच ठिकाणी टोकदार होऊन चढाच्या दिशेला वळत असतील, तर तिथून पाणी वाहतं. आज तिथे ओढा दिसो वा न दिसो. आता त्या टोकांवरून पेन्सिलने रेघ ओढा आणि इमारतीचं तळघर तिच्यावर येतं का बघा. येत असेल तर पाण्याच्या वाटेत भिंत उभी राहणार आणि तुंबलेलं पाणी वरच्या अंगाला पसरणार. तुमचं आवार त्या अंगाला असेल तर ते तुमच्याकडेच येईल. हे चार ओळींत लिहून नकाशाची प्रत जोडलीत, तर दीडशे सह्यांपेक्षा ते जड जाईल. मैलापाण्याची नळी किती रुंद आहे, तिला आणखी किती घरं झेपतील, अग्निशमनाची गाडी आत वळेल का, हे प्रश्नही असेच बिनतोड. त्यांच्या जोरावर ‘सातचे पाच मजले करा आणि पाण्याची वाट मोकळी सोडा’ अशी मागणी करता येते. जो नुसतं ‘नकोच’ म्हणतो, त्याच्याशी कोणी वाटाघाटीला बसत नाही.

आणि भाच्याच्या वतीने एक प्रश्न मीच विचारते. इथे नको, मग कुठे? त्या इमारतीत जी कुटुंबं येणार होती, ती काही हवेत विरत नाहीत. ती एकाच खोलीत आणखी दाटीने राहतात किंवा शहराबाहेर जातात. इंग्लंडने शहरांचा पसारा रोखायला त्यांच्याभोवती हरितपट्टे आखले. लंडनसाठीचा कायदा १९३८ चा, इतर शहरांनी पट्टे आखावेत असं सरकारचं पत्रक १९५५ चं. आज इंग्लंडची साधारण एक अष्टमांश जमीन या पट्ट्यांत आहे. पसारा रोखायचा तो बऱ्यापैकी रोखला गेला. पण घरांची गरज काही थांबली नाही, ती पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांत गेली आणि तिथली माणसं त्याच हिरवाईतून रोज शहरात ये-जा करू लागली. शिवाय पट्ट्यातलं सगळंच हिरवं नसतं. जुने वाहनतळ, पडीक जागाही त्यात येतात. अशा जागांना २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने ‘करडा पट्टा’ असं वेगळं नाव देऊन बांधकामाची वाट थोडी मोकळी केली. त्यावरही भांडणं चालू आहेतच.

तुमची मोकळी जागा मुलं खेळतात ती असेल, पूररेषेत असेल, तर जरूर भांडा; मी तुमच्या बाजूने. पण रस्ता, पाणी, शाळा, बस हे सगळं जवळ असलेली पडीक जागा असेल, तर घरं बांधायला याहून बरी जागा तुमच्या गावात कुठे आहे, ते अर्जातच लिहून द्या. ही ओळ लिहायला बसलं की दीडशेतल्या बऱ्याच सह्या गळतात, असा माझा अनुभव.

प्रश्न : मी भाड्याने राहते आणि घरं सारखी बदलावी लागतात. नव्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्यात असं ऐकलं. पण माझ्या नावावर जागा नाही. मी काय लिहायचं, आणि लिहिलं तरी वाचणार कोण?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी मनातल्या मनात टाळी दिली. तुमच्यासारखं कोणी लिहितच नाही.

सुनावणीचं दालन डोळ्यांपुढे आणा. वेळ कामाच्या दिवशी, भर दुपारची. पुढच्या दोन रांगांत फायली घेतलेले ज्येष्ठ नागरिक, बहुतेक घरमालक, एकमेकांना नावाने ओळखणारे. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातून लवकर सुटत नाही. मागे एखादी बाई मूल मांडीवर घेऊन बसलेली असते, तिचा नंबर येईपर्यंत शाळा सुटायची वेळ होते आणि ती निघून जाते. इतिवृत्तात तिचं नाव नसतं.

हा एकटीचा ग्रह नाही. बॉस्टन विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ शहरा-गावांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं तपासली. घरांच्या प्रस्तावांवर बोललेल्या लोकांत विरोध करणारे शंभरात ६३ च्या आसपास आणि पाठिंबा देणारे जेमतेम १५. बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष आणि घरमालक यांचं प्रमाण गावातल्या त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त होतं. ज्यांना ती घरं मिळणार असतात, त्यांचा त्या गावात अजून पत्ताच नसतो. ते येणार कुठून?

म्हणून लिहाच. अशा नोटिशीत ‘हरकती व सूचना’ असे दोन्ही शब्द असतात आणि सूचना करायला मालकी लागत नाही. तुमचं काम कुठे, येण्याजाण्यात दिवसाचे किती तास जातात, पगारातला किती हिस्सा भाड्यात जातो, घर का सोडावं लागलं, एवढं साध्या शब्दांत मांडा. मग नकाशावरच्या एका ठरावीक रस्त्याचं किंवा स्थानकाचं नाव घेऊन लिहा की याच्या दोन्ही अंगांना चार-पाच मजल्यांची भाड्याची घरं होऊ द्यावीत. ‘गरिबांना घरं द्या’ असं मोघम लिहिलंत तर ते फायलीत जिरेल. ठरावीक जागेचं नाव असलं की त्या जागेपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ काहीतरी लिहावं लागतं.

आणि आराखड्याच्या वेळीच लिहा, इमारतीच्या वेळेपर्यंत थांबू नका. एकेका जागेवरून भांडण सुरू झालं की शेजारी जिंकतात, कारण त्यांचं जाणारं दिसतं आणि तुमचं मिळणारं दिसत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ साली हा वाद शहराच्या पातळीवर नेला. राहण्याच्या जागांपैकी साधारण तीन चतुर्थांश जमिनीवर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला एकदमच परवानगी दिली. एकाच गल्लीवर बोजा नाही, त्यामुळे ‘आमच्याच माथी का’ या प्रश्नातली हवा निघाली. पुढच्या पाच-सहा वर्षांत घरांचे परवाने जवळपास दुप्पट झाले, त्यातही एकमेकांना लागून असलेली, बैठी नसलेली घरं जास्त. ऑकलंड स्वस्त झालं असं मात्र कोणी समजू नये. परवाना म्हणजे घर नव्हे, आणि घर म्हणजे परवडणारं घर नव्हे. पण बांधायलाच मनाई असेल तर त्यापुढचं बोलणंच खुंटतं.

प्रश्न : नव्या इमारतीतल्या लोकांच्या गाड्या लावायच्या कुठे? आमचा रस्ता आत्ताच दोन्ही बाजूंनी भरलेला असतो.

उत्तर : भरलेला आहे तो तुमच्याच गाड्यांनी. रागावू नका, पण रस्ता सगळ्यांचा आहे आणि तिथे आधी येऊन उभं राहिल्याने तो कुणाचा होत नाही. जपानात १९६२ च्या कायद्याने असं केलं आहे की, गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे याचा दाखला पोलिसांकडून आणायचा. जागा नसेल तर गाडीची नोंदणी अडते. तिथल्या निवासी गल्ल्या अरुंद असूनही चालायला मोकळ्या असतात, त्याचं हे एक कारण. उलट बाजूने, प्रत्येक घरामागे अमुक गाड्यांची जागा हवीच, ही सक्ती अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली काढून टाकली, कारण तिचा खर्च गाडी नसलेल्यालाही घराच्या किमतीतून भरावा लागतो. तुमच्या अर्जात रस्त्यावर गाडी लावायला शुल्क असावं अशी मागणी घाला. स्वतःच्या गाडीसकट.

प्रश्न : शेजारी अल्प उत्पन्न गटासाठी घरं येणार आहेत. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, पण आयुष्याची पुंजी घरात घातली आहे. किंमत पडेल का?

उत्तर : सरळ विचारलंत, सरळ सांगते. स्टॅनफर्डच्या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत करसवलतीतून उभारलेल्या अशा घरांच्या अगदी लगतच्या किमती तपासल्या. २०१९ साली छापून आलेल्या त्या निबंधानुसार गरीब वस्त्यांत लगतच्या घरांच्या किमती साडेसहा टक्क्यांनी वाढल्या. पडक्या जागी नवं काही उभं राहिलं, याचा तो परिणाम. सधन, बहुतांशी गोऱ्या वस्त्यांत त्या सुमारे अडीच टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे भीती अगदी निराधार नाही, पण पुंजी बुडते म्हणावी एवढी मोठीही नाही.

आता न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावाची हकीकत ऐका. तिथे कित्येक पिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं मोडक्या घरांत, काही तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांची डागडुजी करून केलेल्या खोल्यांत राहत होती. त्यांनी मागितली छत्तीस साधी घरं. गावाचा नियम होता की, एका जागेवर एका कुटुंबाचं स्वतंत्र घर, आणि जागा मोठी. १९७० साली गावच्या महापौरांनी चर्चमध्ये येऊन सांगितलं की, परवडत नसेल तर गाव सोडा. एथेल लॉरेन्स नावाची तिथलीच एक रहिवासी कोर्टात गेली. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वाढत्या गावांनी आपापल्या भागातल्या गरजू घरांचा रास्त वाटा उचललाच पाहिजे. गावांनी चालढकल केली, तेव्हा १९८३ साली त्याच न्यायालयाने आणखी कडक शब्दांत पुन्हा बजावलं. त्यानंतरही सुनावण्यांत गुन्हे वाढतील, कर वाढतील, किमती कोसळतील, हेच चालू होतं. एथेल १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची १४० घरांची वसाहत २००० साली उघडली.

पुढे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच गावांशी केली. गुन्हे, कर, घरांच्या किमती, यांतल्या कशावरही वसाहतीचा परिणाम सापडला नाही. शेजारच्या काही लोकांना तर अशी वसाहत तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं! याचं श्रेय नुसत्या सदिच्छेला देऊ नका. वसाहत नीट बांधली होती, दिसायला आजूबाजूच्या घरांसारखीच होती आणि तिची देखभाल करणारी संस्था जागेवर होती.

तेव्हा तुमच्या अर्जात ‘ही माणसं नकोत’ याऐवजी हे विचारा : लिफ्ट आणि पंप कोण सांभाळणार, त्याचा पैसा किती वर्षांसाठी बाजूला ठेवला आहे, बाहेरच्या भिंतींचा आणि जिन्याचा दर्जा काय, आणि घरं एकाच कोपऱ्यात कोंबण्याऐवजी दोन-तीन जागांत विभागता येतील का. किंमत पाडतो तो बंद पडलेला पंप आणि शेवाळलेला जिना, मग इमारतीत कोणीही राहो. या चार मुद्द्यांची लेखी उत्तरं मंजुरीच्या अटींत घालून घ्या आणि मुदत संपायच्या आत अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या.