चू. भू. द्या. घ्या.

*ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. हुशार आहे, पण चूक झालेली त्याला सहनच होत नाही. एक उदाहरण चुकलं की अख्खं पान टराटरा फाडतो. वर्गात हात वर करत नाही. वहीत सगळं बरोबर असतं आणि चाचणीत तीच गणितं चुकतात. या वेळी २५ पैकी ११. बाई म्हणतात, पेपर बघून घाबरतो. पेपराचा फोटो सोबत जोडलाय. ह्यांचा आवाज मोठा. उत्तर चुकलं की "एवढंही येत नाही?" म्हणून ओरडतात. त्यानेच तो बिचकलाय असं मला वाटतं. मी कधीच ओरडत नाही. उलट त्याला समजावते, एडिसनची गोष्ट सांगते. रात्री तो झोपला की वही बघते, बारीकसारीक काही असेल तर खोडून नीट करते, उगाच लाल शेरा नको. तसा गुणी आहे. दप्तर स्वतः भरतो, फक्त गणिताची वही रोज टेबलावर विसरतो. ह्यांना कसं समजावू? हे पत्र तिसऱ्यांदा फेअर केलंय, तरी चू. भू. द्या. घ्या.*
*– एक आई, कराड*

अगं, तो विसरत नाही.

डबा, पाण्याची बाटली, परिसर अभ्यासाची वही, सगळं न सांगता दप्तरात भरणारा मुलगा नेमकी गणिताचीच वही रोज विसरतो? अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिकच्या वर्गात काढली. मुलं अशी विसरत नाहीत. आज पट्टी, उद्या रुमाल, परवा एका पायातला मोजा. रोज एकच वस्तू एकाच जागी राहत असेल तर ती ठेवलेली असते. तुझ्यासाठी ठेवलेली असते. रात्री आई येईल आणि सकाळपर्यंत सगळं बरोबर होईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

त्याला कसं कळलं म्हणून दचकू नकोस. काल लिहिलेलं ३५ आज २५ झालंय हे आठ वर्षांच्या मुलाला दिसतं. रबर फिरलेल्या जागी कागद खरबरीत होतो, आणि त्याच्यासारखा ५ काढायचा कितीही प्रयत्न केलास तरी शेपटी तुझीच येते. माझ्या वर्गात एका मुलीची वही अशीच आरशासारखी लख्ख असायची. फळ्यापाशी आली की ती गप्प, आणि मी वर्षभर समजत राहिले की पोर गांगरते. मार्चमध्ये कधीतरी लक्षात आलं की वहीत पानोपानी दोन तऱ्हेचे ४ आहेत, एक घट्ट गाठीचा, एक सैल. तोवर वर्ष संपलं होतं. मी फसले याचं मला फारसं काही नाही. त्या मुलीला भागाकार आलाच नाही, ते अजून खुपतं.

आता तुझ्या मुलाच्या बाईंचं घे. वहीत येतं आणि पेपरात येत नाही, म्हणजे घाबरतो. त्यांनी दुसरं काय म्हणावं? त्यांच्यापुढे रोज सकाळी जी वही जाते ती तुझी आहे. तुला हातच्याची वजाबाकी छान येते, त्याबद्दल शंका नाही.

पेपराचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. चष्मा लावून नीट पाहिला. तू ११ बघितलेस, मी खालची गणितं बघितली. ५२ वजा २७, त्याने लिहिलंय ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. ४३२ वजा १५८, उत्तर ३२६. बिनहातच्याची सगळी बरोबर. पेन घे आणि त्याने काय केलंय ते बघ. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. १ मधून ६ जात नाहीत, म्हणून ६ मधून १ काढला. जिथे वरचा अंक लहान, तिथे त्याने उलटी वजाबाकी केली, आणि ती प्रत्येक ठिकाणी, न चुकता केली. घाबरलेलं मूल कुठेही काहीही लिहितं. ह्याने एक नियम पाळलाय. त्याला कोणीतरी सांगितलं असेल, किंवा त्यानेच धरून ठेवलं असेल, की मोठ्यातून लहान वजा करायचं. ते खरंच आहे की! फक्त ते पूर्ण संख्येबद्दल आहे, एकेका अंकाबद्दल नाही. चौदा मार्क गेले म्हणून तू रडतेस, पण गेले ते एकाच समजुतीपायी. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दशक सुटा करून दाखवला की दोन संध्याकाळींचं काम. पण त्यासाठी ते ३५ बाईंच्या नजरेला पडायला हवं होतं. जूनपासून तू ते पडू दिलं नाहीस.

मुलांच्या बहुतेक चुका अशाच असतात, आतून अगदी सरळ. 'सत्तावीस' सांगितलं की मुलगी ७२ लिहिते. का लिहिणार नाही? कानावर सात आधी पडतात, वीस नंतर. 'एकोणतीस' म्हटलं की ३१, कारण एक ऐकला, तीस ऐकले. ३ आणि ६ पहिलीतली मुलं सर्रास उलटसुलट काढतात. ते अंकच असे एकमेकांकडे पाठ करून बसलेले की आपल्या भाषेने त्यांच्यावरून भांडणाची म्हण केली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं? पार विधानसभेपर्यंत थट्टा गेली. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. ती पद्धत कुणाला पटो न पटो (मला अर्धीच पटली होती, 'बावन्न' म्हणायला मला आवडतं), पण त्यांनी मुलं कुठे अडखळतात ते आधी पाहिलं आणि मग तोंड उघडलं. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या मुलाला 'एकोणसाठ' लिहायला सांगून बघितलं होतं?

तूही एकेकाळी बघायचीस. तुझा मुलगा दोन-अडीच वर्षांचा असताना 'बाबा ऑफिसला जाला' म्हणाला असेल, 'मी करलं' म्हणाला असेल. सगळी म्हणतात. घरातल्या सगळ्यांनी हसून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं असेल, मोबाइलवर व्हिडिओही असेल. 'गेला' त्याने रोज ऐकलं होतं. 'जाला' त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जातो-जाणार वरून त्याने ते स्वतः बनवलं होतं. तेव्हा तू खोडलं नाहीस. 'हो का, गेला का बाबा?' एवढंच म्हणालीस, आणि एक दिवस तोही गेला म्हणायला लागला. मधे काय बिघडलं? वही आली. लाल पेन आलं. आणि तो लाल शेरा तुला स्वतःला मिळाल्यासारखा वाटायला लागला.

ह्यांना कसं समजावू, हा तुझा प्रश्न. मला त्यांच्याबद्दल आज बोलायचंच नाही. ओरडणं वाईटच, त्यांनी ते थांबवावं. पण खरं सांगू? त्या माणसाने निदान ती चूक बघितली. 'एवढंही येत नाही?' यात प्रश्नचिन्ह तरी आहे. तू प्रेमाने, मांजराच्या पावलांनी येऊन ती नाहीशी केलीस. बापाच्या ओरडण्याने मुलाला कळतं की चुकलं तर बोलणी बसतात. आईच्या रबराने कळतं की चूक ही कुणाला दिसताच कामा नये. मग तो पान फाडतो यात नवल काय? तू रात्री करतेस तेच तो दिवसा करतो. त्याच्याकडे तुझ्याएवढा सफाईदार हात नाही, इतकंच.

आणि त्या एडिसनला आता विश्रांती दे बिचाऱ्याला. संध्याकाळी 'चुकांमधूनच माणूस शिकतो' आणि रात्री खोडरबर. तुझं पोर हुशार आहे, दोन्हीतलं खरं कोणतं ते त्याने ओळखलंय.

पत्राच्या शेवटी तू चू. भू. द्या. घ्या. लिहिलंस. जुन्या वळणाची आहेस, मला आवडलं. आमच्या लहानपणी वाण्याच्या बिलाखाली ते असायचं. बेरजेत चूक निघाली तर तुम्ही सांगा, आम्ही दुरुस्त करू, व्यवहार चालू राहील. मला तू ओळखत नाहीस, तरी माझ्यापाशी एवढी सवलत मागितलीस. त्याच्या वहीखाली हे लिहायची मुभा त्याला नाही.

आता काय करायचं. एकच गोष्ट सांगते, आणि ती उद्यावर टाकायची नाही.

आज तो जागा असताना त्याच्याशेजारी बस, वही मध्ये ठेव आणि सांग: "तुझ्या वहीतली गणितं रात्री मी खोडत होते. ते माझं चुकलं. आता नाही करणार." एवढंच. 'तुझ्या भल्यासाठी' जोडू नकोस, रडू नकोस, त्याच्याकडून काही कबूल करून घेऊ नकोस. त्याच्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या माणसाने स्वतःची चूक न खोडता समोर ठेवलेली त्याने आजवर पाहिली नसेल. बाईंनाही सांग, वहीत चिठ्ठी घालून नको, तोंडाने. हो, लाज वाटेल. त्यालाही फळ्यापाशी तशीच वाटते.

तो विचारेल, "मग उद्याचं चुकलं तर?" म्हण, "चुकलेलंच घेऊन जा." लाल शेरा येईल. येऊ दे. तो वहीत राहू दे. पान फाडायला लागला तर हात धरू नकोस, फक्त विचार की हे ३५ कसं आलं, मला दाखव. आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट ऐक: हाच प्रश्न बरोबर आलेल्या उत्तरालाही विचार. "२५ कसं आलं?" फक्त चुकल्यावरच विचारत राहिलीस तर चार दिवसांत त्याला कळतं की आईने 'कसं' म्हटलं म्हणजे उत्तर चुकलंय, आणि तो तुझ्या तोंडाकडे बघत आकडे बदलायला लागतो. वर्गात हेच होतं. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

पहिले काही दिवस वही टेबलावरच राहील. तू खरंच सोडलंस का, हे तो बघेल. तिच्यावरून फडकं मारायचं असेल तर मार, उघडू नकोस. मग एखाद्या सकाळी ती टेबलावर दिसणार नाही, दप्तरात असेल. त्या दिवशी मला दोन ओळी लिही. फेअर करू नकोस.