रोटरी इंजिनचा ऑइल कूलर कुठे लावू?

प्रश्न: मी इकडे ओहायोत घरीच आरव्ही-७ हे छोटं विमान बांधतोय, त्यात माझदाच्या गाडीचं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं) बसवणारे. ऑइल फिल्टर मूळ जागी काउलिंगला (इंजिनवरच्या झाकणाला) लागतोय. तो हलवून कूलरच्या आधी लावला तर चालेल का? आणि छोटा कूलर पुरेल का?

उत्तर: फिल्टर खुशाल हलवा, पण कूलरच्या आधी नको. माझदाने पंप, कूलर, मग फिल्टर आणि तिथून बेअरिंग असा क्रम ठेवलाय, म्हणजे कूलरमधून कचरा सुटला तरी तो फिल्टरमध्ये अडकतो. जुना कूलर वापरणार असाल तर हे फारच महत्त्वाचं.

छोटा कूलर अजिबात नको. रोटरीत रोटर आतून तेलानेच गार होतात, त्यामुळे पाणी आणि तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा तेलाचा असतो, आणि टेकऑफनंतर चढताना पॉवर फुल पण वेग कमी म्हणजे हवाही कमी, तेव्हाच टेम्परेचर चढतं. कूलर इंजिनवर न लावता फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) किंवा इंजिनच्या माउंटला पक्का बसवा, कूलरकडे हवा नेणारा डक्ट हळूहळू रुंद होऊ द्या, कडा नीट सील करा, आणि हवा मागून बाहेर पडायलाही वाट हवी, ती बऱ्याच जणांकडून राहते. तेलाच्या होजवर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) चढवाच, प्लीज.